महाबळेश्वरची कोंडी : गाडीचे येणे आणि गाडीचे फिरणे



वाईत मे महिन्यात व्याख्यान द्यायचे, तर वक्त्याला विषयासाठी लांब जावे लागत नाही. सुरूरला महामार्ग सोडून आपल्या गावातून पसरणी घाटाकडे सरकणारी गाड्यांची रांग आज सभागृहात येताना तुमच्यापैकी अनेकांनी ओलांडली असेल. सीझनमध्ये, दिवाळीत, नाताळच्या आठवड्यात आणि अलीकडे जोडून सुट्टी आलेल्या प्रत्येक शनिवारी ही रांग ठरलेली असते. तिच्याविषयीचे निदानही ठरलेले असते : गाड्या फार झाल्या आणि जागा पुरत नाही. त्यामुळे उपायही ठरलेलेच निघतात. रस्ता रुंद करा, पार्किंगचे मैदान करा, जमल्यास बहुमजली वाहनतळ उभारा. मला हे निदान अपुरे वाटते. महाबळेश्वरात गाड्या येतात, हा प्रश्न आहेच. पण आलेली प्रत्येक गाडी दिवसभर फिरत राहते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, आणि म्हणून पहिल्या प्रश्नावर खर्च होत राहतो, दुसरा मात्र तसाच राहतो.

आधी जागेचा विचार करू. हे ठिकाण मोटारीसाठी वसलेले नाही. 1828-29 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून इथली जमीन घेतली आणि माल्कम पेठ वसवली. तेव्हा डोंगरकड्यांपर्यंत गेलेल्या वाटा घोड्यासाठी आणि पायी चालणाऱ्यासाठी होत्या. आजचे पॉइंट त्याच वाटांच्या टोकांवर आहेत. बॉम्बे पॉइंट, लॉडविक, केट्स, आर्थर सीट, नावे कोणतीही घ्या, बहुतेक ठिकाणी रस्ता कड्यावर संपतो. गेलेली गाडी त्याच रस्त्याने परत येते. म्हणजे जाणाऱ्यांचा ओघ आणि येणाऱ्यांचा ओघ एकाच अरुंद पट्टीवर समोरासमोर उभे राहतात, आणि टोकाला गाडी वळवायला जागा लागते ती वेगळी. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,372 मीटर उंचीवरचे हे पठार वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलते. 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जांभ्या दगडाचे पठार फोडून किंवा जांभळ-हिरड्याचे जंगल तोडून तिथे सपाट मैदान करणे कायद्याने अवघड आहे. कायदा नसता तरी ते शहाणपणाचे नव्हते, कारण कृष्णेसह पाच नद्यांचे उगम जिथे पूजले जातात, तिथे पाणी मुरू देणारी जमीन हीच मोठी संपत्ती आहे.

आता गाडीच्या दिवसाचा हिशेब मांडू. मुंबई-पुण्याहून आलेले चौघांचे कुटुंब हॉटेलात उतरते, तेव्हा गाडीला एक जागा लागते. दुपारी डॉ. साबणे रोडवरच्या बाजारात दुसरी, वेण्णा तलावावर तिसरी, गुरेघरला स्ट्रॉबेरी-आइसक्रीमसाठी चौथी, क्षेत्र महाबळेश्वराच्या देवळापाशी पाचवी, संध्याकाळी सूर्यास्ताला सहावी. एका गाडीला दिवसभरात सहा ठिकाणी जागा तयार असावी लागते आणि एका वेळी ती एकच वापरते. सहा पंगतींत पान मांडून ठेवावे आणि जेवावे एकाच पंगतीत, असा हा प्रकार आहे. पार्किंगची टंचाई म्हणून जे आपल्याला दिसते, त्याचा बराच भाग या गुणाकारातून येतो. म्हणूनच एखाद्या पॉइंटवर शंभर गाड्यांची सोय वाढवली तरी फरक जाणवत नाही, कारण बाकीच्या पाच ठिकाणची गरज तिथल्या तिथेच असते.

बॉम्बे पॉइंटचेच उदाहरण घ्या. आकडे मी समजुतीसाठी धरतो, पण त्यांचे प्रमाण अवास्तव नाही. समजा, गर्दीच्या दिवशी सूर्यास्ताला चार हजार माणसे निघाली, दर गाडीत चार. म्हणजे हजार गाड्या. उघड्या पार्किंगमध्ये फिरण्या-वळण्याच्या जागेसह एका मोटारीला सुमारे 23 चौरस मीटर धरतात. दिल्लीच्या विकास आराखड्यातले मापही तेच आहे. हजार गाड्यांना 23,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेसहा एकर. एवढी जमीन कड्यालगतच्या जंगलातून काढायची, तीही दिवसातल्या एका तासासाठी आणि वर्षातल्या थोड्या आठवड्यांसाठी. तीच चार हजार माणसे 50 आसनांच्या बसने न्यायची, तर 80 फेऱ्या होतात. बाजारापासूनचे अंतर एवढे थोडे आहे की चढण्या-उतरण्यासह एक फेरी अर्ध्या तासात बसते. दोन तासांत एक बस चार फेऱ्या करील. वीस बस पुरतात. कोणी म्हणेल, जाताना लोक सावकाश जातात, परतताना सगळ्यांना एकदमच निघायचे असते. खरे आहे, आणि या योजनेतला तोच सर्वांत कठीण तास आहे. पण हजार गाड्या एका रस्त्याने बाहेर पडताना दर गाडीमागे पाच सेकंद धरले, तरी शेवटची गाडी निघायला 80 मिनिटांहून अधिक लागतात, आणि तेही कोणी मध्येच मक्याचे कणीस घ्यायला थांबले नाही तर. बसच्या रांगेत उभे राहणारा माणूस निदान थंड हवेत उभा असतो.

रस्ता रुंद केल्याने काय होईल? वाहतुकीच्या अभ्यासात याचे उत्तर जुने आहे. अमेरिकेत अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच दाखवले की गर्दीच्या वेळी नवा द्रुतगती मार्ग कोंडी संपवत नाही, आधी गर्दी टाळणारे प्रवासी तो ओढून घेतो. गिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांच्या 2011 च्या अभ्यासात अमेरिकी शहरांतले महामार्ग जेवढे वाढले, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढल्याचे आढळले. हे परदेशातले, असे म्हणून सोडून द्यायचे तर घाटाचे गणित घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत दुपदरी डोंगरी रस्त्याची क्षमता वळणांच्या प्रमाणानुसार दिवसाला पाच ते सात हजार कार-एककांच्या घरात धरली आहे. पसरणी घाट वळणांचा आहे. सुरूरपासून पायथ्यापर्यंतचा रस्ता कितीही प्रशस्त केला तरी तो अखेर घाटाच्या तोंडाशी येऊन मिळतो. घाटही रुंद केला, तर सगळा लोंढा पाचगणीच्या बाजारपेठेत आणि पुढे वेण्णा तलावाच्या नाक्यावर अधिक वेगाने पोचेल. खड्डे, तुटलेले कठडे आणि धोकादायक वळणे दुरुस्त व्हायलाच हवीत, पण ती सुरक्षिततेसाठी. त्यांना कोंडीचा उपाय समजू नये.

पर्यटनगाव आणि शहर यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. पुण्यात सकाळी नऊ वाजता लाख माणसे लाख दिशांनी जातात, म्हणून तिथे बसचे मार्ग आखणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. महाबळेश्वरात सगळ्यांना त्याच सात-आठ ठिकाणी जायचे असते, आणि तेही जवळजवळ त्याच वेळी. पहाटे विल्सन पॉइंट, संध्याकाळी बॉम्बे पॉइंट, मधल्या वेळात देऊळ आणि तलाव. सार्वजनिक वाहतुकीला याहून सोपे गिऱ्हाईक सापडणार नाही. एसटीने महाबळेश्वर दर्शनाच्या गाड्या चालवल्या आहेत, म्हणजे कल्पना नवी नाही. मात्र सगळी ठिकाणे एका दमात दाखवून आणणारी सहल-बस वेगळी आणि दर दहा मिनिटांनी येणारी, कुठेही उतरावे आणि पुढची पकडावी अशी फिरती बस वेगळी. पहिलीसाठी प्रवाशाला तिच्या वेळापत्रकाप्रमाणे वागावे लागते. गाडी हॉटेलात ठेवण्याइतका विश्वास फक्त दुसरीच मिळवू शकते.

आपल्याकडे याची एक मोठी कसोटी आधीच झालेली आहे, ती माथेरानला. तिथे मोटारींना बंदी आहे, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांसारखे अपवाद वगळून. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढचा प्रवास पायी, घोड्यावर, रिक्षातून किंवा अमन लॉजपासूनच्या मिनीट्रेनने होतो. गाडी आत गेली नाही म्हणून माथेरानचे पर्यटन बुडाले नाही. उलट मोटार नसणे हेच त्या गावाचे आकर्षण झाले. पण माथेरानचे गुणगान करणारे दोन गोष्टी गाळतात. पहिली अशी की वाहनतळ घाट चढून गेल्यावर आहे. तो भरला की रांग घाटात उतरते आणि नेरळपर्यंत त्रास होतो. वर जागा नाही हे माणसाला वर पोचल्यावर कळते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मोटार बंद केली, पण तिच्या जागी सन्मानाची सोय उभी केली नाही, तेव्हा तो भार माणसांनी ओढलेल्या रिक्षांवर पडला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर 78 वर्षांनी हे न्यायालयाला सांगावे लागले. तेव्हा माथेरानपासून शिकायचे ते एवढे की गाडी थांबवणे शक्य आहे, पण ती घाटाच्या आधी थांबवली पाहिजे आणि पुढची सोय बंदीच्या आधी तयार पाहिजे.

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटने नेमके हेच केले आहे. तिथे येणारी गाडी पाच किलोमीटर अलीकडे टॅश या गावी मोठ्या वाहनतळात राहते आणि पुढे ठरावीक अंतराने आगगाडी सुटते. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानाने 2000 मध्ये दरीच्या रस्त्यावर बससेवा सुरू केली. ती चालू असते त्या हंगामात खासगी गाड्यांना तो रस्ता बंद असतो. झायनची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. तिथे गाड्यांना बंदी गावात नाही, दरीत आहे. पाहुणे वेशीवरच्या स्प्रिंगडेल गावात उतरतात, गाडी तिथेच ठेवतात आणि गावातून फिरणाऱ्या बसने उद्यानाच्या दारापर्यंत जातात. येणे मोकळे, फिरणे सामायिक. महाबळेश्वरलाही मला हेच सुचवायचे आहे : रात्रीचा मुक्काम असलेल्या पाहुण्याची गाडी हॉटेलच्या आवारापर्यंत येऊ द्यावी आणि निघेपर्यंत तिथून हलू नये, अशी व्यवस्था करावी. एका दिवसासाठी आलेल्यांची गाडी मात्र घाटाखालीच थांबावी.

मग थेट संख्येवरच मर्यादा का नको, असा प्रश्न येईल. उटी आणि कोडाईकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून ई-पास आला. पहिल्या वर्षी ती केवळ नोंदणी होती. 2025 च्या उन्हाळ्यासाठी न्यायालयाने निलगिरीत दिवसाला 6,000 आणि शनिवार-रविवारी 8,000, तर कोडाईकनालला 4,000 आणि 6,000 वाहनांची मर्यादा घातली. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळला. त्याआधी राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांग खिंडीत दिवसाला 1,200 पर्यटक-वाहनांची सीमा आखली होती. या मर्यादा मी अन्यायकारक मानत नाही. पर्वताची सहनशक्ती अमर्याद नसते, आणि नोंदणीमुळे प्रथमच आकडे हाती येतात हा लाभ छोटा नाही. पण अशी मर्यादा वेशीवर संपते. आत आलेल्या सहा हजार गाड्या दिवसभर पॉइंटांवरून हिंडल्या तर कोंडी तशीच राहील. शिवाय मर्यादा वाहनांची असते आणि पाहुणे मात्र माणसे असतात. चौघांची मोटार आणि पन्नासांची बस यांना एकाच मापाने मोजणारी व्यवस्था बसला शिक्षा करते. तमिळनाडूत सरकारी बसना सूट आहे, ते योग्यच झाले.

एव्हाना श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आले असेल की वरची अडचण हा वक्ता आमच्या दारात आणून ठेवतो आहे. आक्षेप रास्त आहे. वाईच्या जुन्या पेठेत किंवा कृष्णेच्या घाटांजवळ वाहनतळ करायचा असेल, तर मीही विरोध करीन. पण आजची स्थिती पाहा. महाबळेश्वरला जाणारी मोठी गर्दी वाईतून जाते, हॉर्न आणि धूर इथे टाकते, आणि खर्च वर जाऊन करते. सुरूरच्या बाजूला, महामार्गाजवळ, गावाबाहेर वाहनतळ आणि बसस्थानक झाले, तर गावातून जाणाऱ्या गाड्या कमी होतील. बसची वाट पाहणारा प्रवासी चहा घेईल, जेवेल, कदाचित महागणपतीचे दर्शन घेऊन एखादी दुपारही इथे घालवील. जमीन कोणाची घ्यायची आणि मोबदला किती, हा प्रश्न उरतो, आणि तो व्याख्यानात सुटत नाही.

पैशाचा मुद्दा टाळता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डोनाल्ड शूप यांनी 2005 च्या त्यांच्या ग्रंथात मांडलेले सूत्र साधे होते : रस्त्यालगतच्या पार्किंगचा दर असा असावा की प्रत्येक रस्त्यावर एखाद-दुसरी जागा नेहमी रिकामी सापडेल, आणि त्यातून आलेला पैसा त्याच भागावर खर्च व्हावा. फुकट जागा खरोखर फुकट नसते. तिची किंमत, जागा शोधत फिरण्यात जाणाऱ्या वेळेने, इंधनाने आणि गावकऱ्यांच्या त्राग्याने चुकती होते. भारताच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगच्या दरात जमिनीची खरी किंमत उतरली पाहिजे असे तत्त्व आहे. यावर ठरलेला आक्षेप असतो की अशाने डोंगर फक्त श्रीमंतांचा होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या सुमारे 8 टक्के कुटुंबांकडेच मोटार होती. एसटीने येऊन पायी फिरणाऱ्या कुटुंबाने प्रवासी कर भरावा आणि सार्वजनिक जमीन मोटारवाल्याने फुकट किंवा नाममात्र दरात वापरावी, ही आजची व्यवस्था कोणत्या अर्थाने गरिबांची आहे, ते मला समजत नाही. पॉइंटवरची पार्किंग महाग करावी आणि फिरती बस अगदी स्वस्त, शक्य झाल्यास फुकट असावी. मात्र क्रम चुकता कामा नये. पुणे महापालिकेने 2018 मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते आक्रसले आणि तिथेही रखडले. नागरिकांचे म्हणणे होते की आधी बस द्या, मग पैसे मागा. त्या म्हणण्यात कांगावा थोडा होता, पण तथ्यही होते.

धंद्याची भीती मला समजते, पण ती बाजारपेठेपुरती उलटी आहे. गाडीत बसलेले गिऱ्हाईक दुकानासमोरून पुढे सरकते. पायी चालणारे थांबते आणि चणे, चप्पल, मध विकत घेते. टॅक्सीवाल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे काणाडोळा करणे अन्यायाचे होईल. पॉइंट दाखवण्याच्या ठरलेल्या दरांवर त्यांची घरे चालतात, आणि फिरती बस त्यांच्याच पोटावर येईल. पण खासगी गाडी हॉटेलात राहिली की ज्येष्ठ, लहान मुले घेतलेली कुटुंबे, अपंग पाहुणे, लांबच्या प्रतापगडाला जाणारे, हे सगळे त्यांच्याकडेच येणार. जोडीला फिरत्या बसच्या छोट्या गाड्यांची कंत्राटे बाहेरच्या कंपनीऐवजी त्यांच्याच संघटनेला द्यावीत. घोडेवाल्यांचा व्यवसाय तर मोटार गेल्याने सुरक्षितच होतो.

कोंडीत उभ्या राहिलेल्या रुग्णवाहिकेचा मुद्दा कोणी काढत नाही, याचे आश्चर्य वाटते. सुमारे 13 हजार लोकवस्तीच्या या गावात (2011 च्या जनगणनेचा आकडा) गंभीर रुग्णाला साताऱ्याकडे किंवा पुण्याकडे न्यावे लागते, आणि त्यासाठी हेच घाट आहेत. वर्षातले काही आठवडे हे घाट स्थानिक माणसासाठी जवळजवळ बंद असतात.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न, आणि खरी अडचण तिथे आहे. बाजार गिरिस्थान नगरपरिषदेचा, मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, अनेक पॉइंट वनखात्याच्या हद्दीत आणि तिथली शुल्कवसुली वन व्यवस्थापन समित्यांकडे, वाहतूक पोलिसांची, बस एसटीची. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असल्याने बसने कोंडी कमी झाली तरी तिचा खर्च एकाच्या वहीत पडतो आणि लाभ दुसऱ्याच्या. म्हणून सगळ्या डोंगरासाठी महायोजना आखण्यापूर्वी एकच रस्ता घ्यावा, बॉम्बे पॉइंटचा, आणि एकच हंगाम, दिवाळीचा. दुपारी चारपासून आठपर्यंत त्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद ठेवाव्यात. स्थानिक रहिवासी, रुग्णवाहिका आणि ज्येष्ठ वा अपंग प्रवासी असलेल्या टॅक्सींना सूट द्यावी. वीस बस लावाव्यात आणि पॉइंटवरच्या वाहनशुल्काची त्या काळातली तूट जिल्हा प्रशासनाने वन समित्यांना भरून द्यावी. आधीच्या आठवड्यात आणि त्या आठवड्यात नाक्यावरून किती गाड्या गेल्या, परतायला किती वेळ लागला, बाजारात विक्री किती झाली, याची नोंद तिथल्याच एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाकडून करून घ्यावी आणि ती छापून सर्वांसमोर ठेवावी. बस अपुऱ्या पडल्या, तर किती अपुऱ्या पडल्या तेही त्यातच दिसेल, आणि पुढच्या मेमध्ये आर्थर सीटच्या रस्त्याला किती लागतील याचा अंदाज त्यावरूनच बांधता येईल.